बॅटरीची तब्येत आणि तिचा रिपोर्ट

न्यूझीलंडमध्ये विजेवर चालणाऱ्या बऱ्याचशा मोटारी जपानमध्ये काही वर्षे वापरून झालेल्या असतात. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असते. त्यामुळे जपानमधली जुनी गाडी जहाजातून उतरवली की न्यूझीलंडच्या रस्त्यावर सहज चालते. निसान कंपनीची ‘लीफ’ ही अशीच तिथल्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेली गाडी. ती घेणाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न असतो, बॅटरीत किती जीव शिल्लक आहे? विजेच्या गाडीत बॅटरी हाच सर्वांत महाग भाग. रंग, टायर, आसने पाहून तिच्याविषयी काहीच कळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लीफच्या मालकांमध्ये एक ॲप लोकप्रिय झाले, ‘लीफ स्पाय’. काडेपेटीएवढे एक डोंगल गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायचे, ब्ल्यूटूथने मोबाइलला जोडायचे, की पडद्यावर बॅटरीची कुंडली उमटते. त्यातला एक आकडा टक्क्यांत असतो आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडेच जाते. त्याचे नाव ‘स्टेट ऑफ हेल्थ’, म्हणजे बॅटरीची तब्येत. नवी बॅटरी १०० टक्के. ८० टक्के दिसले तर नवी असताना जेवढी वीज मावत होती, तिच्या ८० टक्केच आता मावते, असा त्याचा अर्थ.

न्यूझीलंडमध्ये ‘फ्लिप द फ्लीट’ नावाचा एक लोकविज्ञान प्रकल्प सुरू झाला. गाडीमालक आपापल्या नोंदी नियमित पाठवायचे आणि अभ्यासक त्या एकत्र करायचे. मार्च २०१८ मध्ये या मंडळींनी २८३ लीफ गाड्यांच्या नोंदींचा अभ्यास मांडला, आणि मालकांच्या पोटात गोळा आला. २४ युनिट क्षमतेच्या जुन्या गाड्यांची तब्येत वर्षाला सुमारे ३ टक्क्यांनी घसरत होती. त्यानंतर आलेल्या, अधिक चांगल्या मानल्या गेलेल्या ३० युनिटच्या गाड्या मात्र दोन वर्षांच्या होईपर्यंत वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी घसरताना दिसत होत्या. (एक युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातले तेच युनिट, एक किलोवॉट-तास.) हा वेग टिकला असता तर चार-पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास क्षमता जाणार होती. कर्ज काढून गाडी घेतलेल्याने काय करायचे? विकायला काढली तर हा आकडा पाहून कोण घेणार?

त्या अभ्यासाच्या शीर्षकात एक शब्द मात्र जपून वापरला होता. क्षमतेतली ‘नोंदवली गेलेली’ घट, असे त्यात म्हटले होते. त्या शब्दाचे मोल पुढे कळले.

आकडा येतो कुठून?

मोटारीच्या स्टिअरिंगखाली, पायाजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून ते मोटारींना सक्तीचे झाले. इंजिनाच्या धुरावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेतली माहिती कोणत्याही मेकॅनिकला वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. विजेच्या गाडीला धूर नाही, तरी बहुतेक गाड्यांत हे सॉकेट राहिले. त्यातून गाडीच्या आतल्या छोट्या संगणकांचे आपसातले संभाषण ऐकता येते. ॲप नेमके हेच करते. ते स्वतः बॅटरीला हात लावत नाही, काही मोजत नाही. बॅटरीच्या संगणकाला विचारते आणि तो जे सांगेल ते आपल्याला दाखवते.

बॅटरीच्या या संगणकाला ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम’ म्हणतात. प्रत्येक सेलचा व्होल्टेज, आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रवाह, तापमान, या गोष्टी तो खरोखर मोजतो. बॅटरीत एकूण किती वीज मावते, हे मात्र त्याला थेट मोजता येत नाही. पाण्याची टाकी बंद असेल आणि आत डोकावता येत नसेल, तर किती पाणी आले, किती गेले आणि नळाला दाब किती आहे यावरून टाकीचा अंदाज बांधावा लागतो, तसा तो हिशेब करतो. त्या हिशेबाला एक सूत्र असते आणि ते कंपनीच्या अभियंत्यांनी लिहिलेले असते.

वैद्यकातही असे आकडे आहेत. मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा ‘ई-जीएफआर’ हा आकडा आता बहुतेक प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर छापलेला असतो. त्यातले पहिले ‘ई’ हे अक्षर ‘अंदाजित’ या अर्थाचे आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. प्रयोगशाळा रक्तातले क्रिएटिनिन मोजते. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्तद्रव गाळते, हे ती मोजत नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून सूत्राने उत्तर काढले जाते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हे सूत्र बदलले, तेव्हा त्याच रक्ताच्या त्याच क्रिएटिनिनवरून काही जणांचा आकडा वेगळा आला. मूत्रपिंडात काडीचाही बदल झाला नव्हता.

मधुमेहींना ओळखीच्या ‘एचबीए१सी’चेही तसेच. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी तो सांगतो, पण तांबड्या पेशी नेहमीच्या आयुष्यमानाने जगत आहेत, हे गृहीत धरून. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या माणसात हा आकडा साखर तेवढी नसतानाही वाढलेला दिसू शकतो. म्हणून अनुभवी डॉक्टर रिपोर्ट आणि माणूस यांचा मेळ बसतो का, हे आधी पाहतात.

चूक सापडली

न्यूझीलंडच्या गाड्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. २०१८ मध्येच निसानने तपास करून सांगितले की ३० युनिटच्या बॅटरीवर नजर ठेवणारा नियंत्रक क्षमतेचा आकडा चुकीचा दाखवत आहे. बॅटरी तेवढी खराब झालेलीच नाही. नियंत्रकाची आज्ञावली सुधारल्यावर त्याच गाड्यांची ‘तब्येत’ एकदम वर गेली. सेल तेच, रसायने तीच. बदलला तो फक्त हिशेब.

दरम्यान कोणी घाबरून गाडी कमी किमतीत विकली असेल, तर त्याचे नुकसान मात्र खरे होते. चुकीचा रिपोर्टसुद्धा माणसाकडून खरे निर्णय करून घेतो.

एवढ्यावरून ॲप म्हणजे निव्वळ थोतांड असे समजायचे का? मुळीच नाही. त्याच गाडीचा दुसरा अध्याय अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात घडला. लीफ बाजारात आली २०१० च्या अखेरीस. तिच्या डॅशबोर्डवर क्षमतेच्या बारा पट्ट्या असतात. पहिली पट्टी सुमारे १५ टक्के क्षमता गेल्यावर विझते, पुढची प्रत्येक साधारण सहा टक्क्यांना. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्स परिसरातल्या मालकांच्या, दोन वर्षेही न झालेल्या गाड्यांच्या पट्ट्या विझू लागल्या. फिनिक्स वाळवंटातले शहर. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असणे हे तिथे रोजचे. आणि लीफच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची व्यवस्था नव्हती, ती हवेवरच अवलंबून होती.

तिथल्या मालकांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी एकत्र येऊन, गाड्या पूर्ण चार्ज करून, ठरावीक वेगाने, ठरावीक रस्त्यावर संपेपर्यंत चालवल्या. अंतर खरोखरच कमी भरले. प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीने क्षमतेची हमी दिली. पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळू लागली.

दोन्ही ठिकाणी आकडा घसरला होता. एका ठिकाणी हिशेब चुकला होता, दुसरीकडे आजार खरा होता. त्यातला फरक नुसते मोबाइलकडे पाहून कळला नसता.

बॅटरी म्हातारी का होते?

लिथियम-आयन बॅटरीच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीचे काम म्हणजे लिथियमच्या कणांची ये-जा. चार्ज करताना ते ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, गाडी चालताना परततात. ग्रॅफाइटवर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ पापुद्रा धरतो. तो आवश्यक असतो, पण वर्षानुवर्षे जाड होत जातो आणि त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकते. अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणून क्षमता घटते. जाड पापुद्र्यातून वाट काढणे अवघड होते, म्हणून अंतर्गत रोध वाढतो.

उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली, तरीही तसेच. दोन्ही एकत्र आले, म्हणजे शंभर टक्के चार्ज केलेली गाडी चार दिवस उन्हात उभी राहिली, तर सर्वांत वाईट. घट मात्र बहुधा एकसारखी होत नाही. सुरुवातीच्या काळात थोडी भरभर होते, मग बराच काळ संथ चालते. त्यामुळे पहिल्या वर्षी चार टक्के गेले म्हणून दहा वर्षांत चाळीस जातील, हा त्रैराशिकाचा हिशेब चुकतो. वाहनांची माहिती गोळा करणाऱ्या ‘जिओटॅब’ कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांच्या नोंदींवरून काढलेली सरासरी घट वर्षाला १.८ टक्के होती. सरासरीत थंड देशांतल्या गाड्याही असतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

रिपोर्ट वाचायचा कसा?

रक्तदाब जिना चढून आल्या आल्या मोजत नाहीत. पाच मिनिटे बसवतात, मग मोजतात. बॅटरीचेही तसेच. भर उन्हातून आलेली, नुकतीच जलद चार्ज केलेली किंवा रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी वेगवेगळे आकडे दाखवू शकते. म्हणून तपासणी शक्यतो एकाच परिस्थितीत करावी. सकाळी, गाडी काही तास उभी असताना, चार्ज दर वेळी साधारण तेवढाच असताना. एका आकड्याला फार महत्त्व देऊ नये. तीन-चार महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी वहीत लिहून ठेवल्या, तर त्यांचा कल जास्त खरे सांगतो. दोन टक्क्यांचा चढउतार हा बहुतेकदा हिशेबाचा असतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे सेलमधला फरक. २४ युनिटच्या लीफमध्ये १९२ सेल आहेत. दोन-दोनच्या ९६ जोड्या एकामागे एक जोडलेल्या. ॲप या ९६ जोड्यांचे व्होल्टेज उभ्या पट्ट्यांच्या रूपात दाखवते आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या जोडीतला फरक मिलिव्होल्टमध्ये सांगते. साखळीत एक जोडी दुबळी असेल, तर बाकीच्या ९५ धडधाकट असूनही गाडीला तिच्यापाशी थांबावे लागते. गाडी उभी असताना बहुतेक सेल सारखेच दिसतात. चढावर किंवा जोरात वेग घेताना दुबळा सेल बाकीच्यांच्या खाली कोसळतो. हृदयाचा नुसता ईसीजी नीट येतो आणि ट्रेडमिलवर चालवल्यावर दोष दिसतो, त्यातलाच हा प्रकार. ही चाचणी करायची तर मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात हवा. चालकाने डोळे रस्त्यावरून हलवू नयेत.

तिसरी आणि सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे गाडी चालवून पाहणे. समजा, गाडीची बॅटरी नवी असताना वापरण्याजोगी क्षमता ३० युनिट होती. पूर्ण चार्ज करून गाडी २० टक्क्यांपर्यंत चालवली आणि ट्रिप मीटरने २२ युनिट खर्च झाल्याचे दाखवले. म्हणजे ८० टक्क्यांत २२ युनिट, तर पूर्ण १०० टक्क्यांत साडेसत्तावीस. तिसाला साडेसत्तावीस म्हणजे सुमारे ९२ टक्के. ॲपही ९१-९२ दाखवत असेल, तर शंका घेण्याचे कारण नाही. ॲप ७५ म्हणत असेल, तर दोघांपैकी एकाचा हिशेब चुकला आहे आणि सर्व्हिस सेंटरला विचारायला हवे. टक्क्यांचा काटाही शेवटी त्याच संगणकाचा असतो, म्हणून किलोमीटरही लिहावेत. तोच रस्ता, तोच वेग, एसी तसाच, माणसेही तेवढीच ठेवून दर वर्षी एकदा हे केले, तर घरच्या घरी चांगली नोंद तयार होते.

जुनी गाडी घेताना आणखी एक सावधगिरी हवी. बॅटरीच्या संगणकाची स्मृती पुसली, की काही दिवस तो सगळे छान असल्याचे दाखवतो. हळूहळू खरी क्षमता त्याच्या लक्षात येते आणि आकडा उतरतो, तोवर विकणारा पैसे घेऊन गेलेला असतो. लीफच्या बाबतीत अशा फसवणुकीचे प्रकार झाले आहेत. सात-आठ वर्षांची गाडी आणि तब्येत ९९ टक्के, असे दिसले तर आनंद मानण्याआधी ती लांबवर चालवून पाहावी.

आपल्याकडे काय?

लीफ भारतीय बाजारात नियमित विक्रीला आली नाही. पण हा प्रश्न आता आपल्या दाराशी उभा आहे. जानेवारी २०२० मध्ये ३०.२ युनिट बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही आली. बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. त्या पहिल्या गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत आणि घेणारा तोच प्रश्न विचारतो आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा निराळी असते. एका गाडीसाठी लिहिलेले ॲप दुसरीत काहीच दाखवत नाही, किंवा चुकीचे दाखवते. आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी ते केलेले आहे का, हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट रसायनाची. नेक्सॉनसह भारतातल्या अनेक गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल आहेत. ते टिकाऊ आणि उष्णतेला तुलनेने खंबीर. पण चार्ज ८० टक्के असो वा ४०, त्यांचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून संगणकाला अंदाज बांधणे अवघड जाते. अशा गाड्या अधूनमधून शंभर टक्के चार्ज कराव्यात, असे कंपन्या सुचवतात. टोकाला पोहोचल्यावरच संगणकाला आपला हिशेब जुळवून घेता येतो. दुसऱ्या रसायनाच्या गाडीला रोज ८० टक्क्यांवर थांबणे बरे. कोणता नियम लावायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असते.

नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांना फिनिक्सचा अनुभव परका वाटणार नाही. तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. नव्या बहुतेक मोटारींत बॅटरी थंड ठेवायला द्रव खेळवलेला असतो, हा मोठा फरक. तरीही सावलीत गाडी लावणे, दुपारच्या उन्हात लांब पल्ला मारून लगेच जलद चार्जिंगला न लावणे, आणि गावाला जाताना गाडी पूर्ण भरून अंगणात न सोडणे, या तीन सवयी फुकट आहेत आणि उपयोगी आहेत.

डोंगल घेताना अगदी स्वस्तातली नक्कल टाळावी आणि काम झाले की ते काढून ठेवावे. सतत खोचून ठेवले तर गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते. ॲपमध्ये वाचण्यापलीकडे सेटिंग बदलण्याची सोय असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. नारिंगी वेष्टनाच्या तारा जिवाला धोका पोहोचवणाऱ्या दाबाच्या असतात. तिथे हात घालणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम.

हा आकडा मालकाच्या हातात असावा, हे आता कायदेही मानू लागले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम मंडळाने २०२२ मध्ये मान्य केलेल्या नियमानुसार बॅटरीत पाच वर्षे किंवा १ लाख किलोमीटरनंतर किमान ८० टक्के, आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरनंतर किमान ७० टक्के क्षमता उरली पाहिजे. गाडी दाखवत असलेला आकडा खरा आहे का, हे तपासण्याची तरतूदही त्यात आहे. न्यूझीलंडमधल्या मालकांना तेव्हा नेमकी तीच हवी होती.

करोनाच्या दिवसांत घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले. त्या छोट्या यंत्राने अनेकांना वेळेवर रुग्णालयात पोहोचवले. बोट थंड असताना, नखाला रंग असताना दिवसातून वीस वेळा ते लावून झोप उडवून घेतलेलेही तेवढेच होते. यंत्र तेच होते, वापरणाऱ्याला वाचता येते की नाही एवढाच फरक. बॅटरीचे ॲपही घरात असायला हरकत नाही. वर्षातून तीन-चारदा सकाळी लावावे, आकडा तारखेसह लिहून ठेवावा आणि बाकीचे दिवस गाडी चालवावी.